कृष्णविवराला केस फुटतात तेव्हा

मंडळी, होलोग्राफिक अतिवाहक, म्हणजे विद्युतरोध शून्य होणाऱ्या पदार्थाचं कृष्णविवराच्या गणितातून केलेलं मॉडेल, म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे कोणत्या धातूचं मॉडेल?" माझा एक संशोधन-प्रस्ताव परीक्षकांनी एवढी एकच ओळ लिहून परत पाठवला होता. ती ओळ मला अजून बोचते. म्हणून आधी तिचं उत्तर देतो, मग विषयाकडे वळतो.

८ एप्रिल १९११. लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा द्रव हेलियमनं थंड केला होता. वहीत पेन्सिलीनं नोंद झाली, जेमतेम लागणाऱ्या अक्षरात: पाऱ्याचा रोध जवळपास शून्य. असं का होतं, हे बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं ते १९५७ साली. मधली ४६ वर्षं हात बांधून बसायचं होतं का? गिंझबर्ग आणि लँडाऊ बसले नाहीत. इलेक्ट्रॉन आत नेमकं काय करतात याचा पत्ता नसताना त्यांनी १९५० मध्ये समीकरणं मांडली. त्यांत एक विद्युतभार येतो. तो इलेक्ट्रॉनच्या भारापेक्षा वेगळा मानायचं कारण नाही, असं त्यांचं मत. तो निघाला दुप्पट! इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात ना. १९५९ मध्ये गोर्कोव्ह यांनी ते गणितानं दाखवलं. भार चुकला, समीकरणं टिकली. आजही आपण ती रोज वापरतो, आणि ती कोणत्या एका धातूची नाहीत. विद्यार्थ्यांनो, तो मूळ लेख वाचाच. धाडस कशाला म्हणतात ते कळेल.

मला चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो.

१९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिवाहकता सापडली. तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकेकाचा वेगळा हिशोब मांडताच येत नाही. १९९७ मध्ये मालदासेना यांनी सुचवलं, की अशा काही गुंतलेल्या पुंजव्यवस्था आणि एक मिती जास्त असलेल्या अवकाशातलं गुरुत्वाकर्षण हे एकाच गोष्टीचं दोन प्रकारे केलेलं वर्णन आहे. हीच होलोग्राफी. म्हणजे इकडे अडलेलं गणित तिकडे सोडवता येतं.

तिकडे आहे विद्युतभारित कृष्णविवर. त्याचं हॉकिंग तापमान, म्हणजे त्यातून झिरपणाऱ्या प्रारणाचं तापमान, तेच आपल्या पदार्थाचं तापमान. कृष्णविवराला केस नसतात, म्हणजे वस्तुमान, भार आणि फिरकी यांपलीकडे त्याची वेगळी ओळख नसते, असं आपण शिकलोय. पण २००८ मध्ये गब्सर यांनी दाखवलं, की तापमान पुरेसं उतरलं की क्षितिजालगतच्या (जिथून काहीच परत येत नाही त्या कडेलगतच्या) विद्युतक्षेत्रामुळे भारित क्षेत्र तिथे अस्थिर होतं. हे अवकाश पेटीसारखं बंद, त्यामुळे बाहेर फेकलेला भार निसटू शकत नाही. तो क्षितिजाभोवती ढगासारखा साचतो. हेच ते केस! आपल्या बाजूनं पाहिलं तर तीच अतिवाहकता. त्याच वर्षी हार्टनॉल, हर्झॉग आणि होरोविट्झ यांनी त्यातून वाहकता काढली. ऊर्जाफट (जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, तापमानाच्या एककात) क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे ज्याखाली अतिवाहकता सुरू होते त्या तापमानाच्या, सुमारे ८ पट आली. १९५७ च्या सिद्धांतात ती सुमारे ३.५ पट येते. तांब्याच्या ऑक्साइडांतही ती ३.५ पेक्षा मोठीच मोजली जाते. एवढ्यानं मॉडेल सिद्ध होत नाही. काटेकोर बोलायचं तर मूळ मॉडेलमध्ये सीमेवर, म्हणजे आपल्या पदार्थाच्या बाजूला, विद्युतचुंबकीय क्षेत्र स्वतंत्रपणे हलतच नाही, म्हणून ते खरं तर अतिद्रव (घर्षणाविना वाहणारा द्रव). पण घट्ट गुंतलेल्या व्यवस्थेत रोध कसा नाहीसा होतो, हे इथे कागदावर शेवटपर्यंत सोडवता येतं. परीक्षकांना मला हेच सांगायचं होतं.

वेळ संपली. केस कधी फुटतात ही गब्सर यांची अट फळ्यावर लिहून ठेवतो, एका ओळीची आहे. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, ती सोडवूनच जाऊ.