क्रोन्स : कुठे आहे, कसा वागतोय

(दृश्य : जुन्या न्यूयॉर्कची छायाचित्रं)

१९३२ साल. माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १४ रुग्णांची हकीकत छापली. सगळ्यांचं दुखणं एकाच जागी, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. लेखकांची नावं वर्णानुक्रमे लागली, क्रोन पहिले आले, आणि आतड्याला सूज आणि जखमा करणाऱ्या या आजाराला तेच नाव चिकटलं, क्रोन्स.

(दृश्य : पचनसंस्थेचं रेखाचित्र)

पण हा आजार त्या टोकाशी थांबत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही उतरतो, तेही मधलं चांगलं आतडं सोडून सोडून. बहुतेकदा ते टोक आणि मोठं आतडं दोन्ही धरतो. टोकाला असेल तर बी-१२ नीट शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यात असेल तर शौचातून रक्त जातं. जठरात क्वचितच.

जागेइतकंच महत्त्वाचं, तो वागतो कसा. काहींच्यात नुसती सूज राहते. काहींच्यात वारंवार जखमा भरून आतडं अरुंद होतं : जेवण झालं की कळ, पोटफुगी, उलटी. आणि काहींच्यात तो आतड्याची भिंत पोखरत शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, कातडीपर्यंत वाट काढतो.

(दृश्य : दवाखान्याबाहेर बसलेला तरुण, चेहरा दिसत नाही)

गुदद्वाराजवळ अशी वाट फुटली की आपण म्हणतो, भगंदर. प्रत्येक भगंदर क्रोन्सचं नसतं. पण ऑपरेशन होऊनही ते पुन्हा पुन्हा उलटत असेल, सोबत जुलाब असतील, वजन उतरत असेल, तर आतडं तपासून घ्यायलाच हवं. लाजेपायी माणसं हे वर्षानुवर्षं घरातही बोलत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य : कोलोनोस्कोपीचा पडदा)

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, आतड्याचा टीबी. त्याची आवडती जागा तीच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. ताप, कळा, वजन घटणं, सगळं सारखं. बायोप्सीत, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासला तरी, दर वेळी उलगडा होत नाही. मग डॉक्टर कधी कधी आधी टीबीची औषधं देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहतात. टीबीच होता म्हणायला नुसतं बरं वाटणं पुरत नाही, जखम भरलेली दिसावी लागते. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण क्रोन्सची स्टेरॉइडसारखी औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. आत टीबी असताना टीबीच्या औषधांशिवाय ती सुरू केली, तर टीबी उसळू शकतो.