एकट्यानं तैवानची सायकल फेरी: ती पूर्ण कशी होते?

नमस्कार मंडळी! तैवानला सायकलवरून पूर्ण वेढा घालून मी तैपेईत परत आलेय. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सोबतीला कोणी नाही. तिथे या फेरीला ‘हुआनदाओ’ म्हणतात आणि कॉलेजच्या पोरांपासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळे ती करतात. जायंट ही सायकल कंपनी काढणारे किंग लिऊ यांनी २००७ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, १५ दिवसांत ती पूर्ण केली आणि तिथून या फेरीची लाटच आली. २०१५ च्या अखेरीस सरकारनं बेटाभोवती ‘सायकल मार्ग क्रमांक १’ आखून दिला.

मग एकट्याला जमतं का? जमतं. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवायची सवय असली की पायांचा प्रश्न मिटला. फेरी अडते ती दिशा, महिना आणि पूर्वेकडचा एक रस्ता, या तीन ठिकाणी. आज त्याच्यावरच बोलू.

[स्क्रीनवर तैवानचा नकाशा]

आपण देवळात प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घालतो. इथे ती उलटी घालायची. तैवानमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. तैपेईहून पश्चिमेनं खाली उतरून पूर्व किनाऱ्यानं वर आलात, की समुद्र कायम तुमच्या उजव्या हाताला राहतो. पूर्वेला तर तुम्ही, कठडा आणि पॅसिफिक! थांबावंसं वाटलं की थांबायचं, रस्ता ओलांडायची गरज नाही.

उजव्या बाजूची सवय दोन दिवसांत होते, पण डावं वळण आधीच समजून घ्या. सायकलला चौकात थेट डावीकडे घुसता येत नाही. हिरवा दिवा लागला की सरळ पुढे जायचं. पलीकडच्या कोपऱ्यात, आडव्या रस्त्याच्या गाड्यांच्या पुढे, पांढऱ्या रंगानं आखलेला एक चौकोन असतो. त्यात जाऊन सायकल डावीकडे वळवून उभी करायची आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की निघायचं. शेजारी दहा-बारा स्कूटरवाले तेच करत असतात, त्यांच्याकडे बघून शिका.

आता महिना. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, ते टाळाच. ऑक्टोबरपासून ईशान्येचा मोसमी वारा सुरू होतो. पश्चिमेला तो पाठीवर मिळतो, सायकल नुसती पळते. पण वळसा घालून पूर्वेला आलात की तोच वारा छातीवर, आणि सामान लावलेल्या सायकलवर दिवसभर छातीवरचा वारा म्हणजे चढापेक्षा वाईट. चढ कुठेतरी संपतो तरी! हिवाळ्यात गेलात तर पूर्वेसाठी जास्तीचे दिवस धरा. मला विचाराल तर मार्च-एप्रिल उत्तम.

पश्चिम किनाऱ्यावर मी फार बोलणार नाही. ताइचुंग, ताइनान, काओशुंग, शहराला लागून शहर, सिग्नलमागून सिग्नल. मात्र सोयी इतक्या, की एकटेपणाची भीती इथेच गळून पडते. बऱ्याच पोलीस चौक्यांमध्ये सायकलवाल्यांसाठी हवेचा पंप आणि पिण्याचं पाणी असतं. चोवीस तास उघडी दुकानं जागोजागी, आणि त्यांत काउंटरजवळ गरम भाजलेली रताळी! शाकाहारी मंडळींनीही घाबरू नये. बौद्ध शाकाहारी भोजनालयं बहुतेक गावांत सापडतात, ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे द्यायचे. कांदा-लसूण बहुधा नसतोच.

दक्षिणेला फंगगांगपासून डोंगर सुरू होतो. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर, शौका नावाच्या खिंडीपर्यंत चढायचं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये इथे मोठा बोगदा झाला. त्यात सायकलला बंदी आहे, आणि ही आपल्यासाठी आनंदाची बातमी, कारण ट्रक त्या बोगद्यात गेले आणि जुना घाट आपल्याला मोकळा मिळाला. एका लयीत चढा. वर सायकलवाल्यांचा थांबा आहे, तिथून झाडीतला लांब उतार थेट पॅसिफिकला नेऊन सोडतो.

ताइतुंगनंतर दोन रस्ते फुटतात, अकरा नंबरचा समुद्राकाठचा आणि नऊ नंबरचा दरीतला. मी दरी निवडली. छशांगची भातखाचरं, दोन्हीकडे डोंगर, मधून सरळ रस्ता. वारा जोरात असेल तर तुम्हीही दरीच घ्या, थोडा आडोसा मिळतो.

आणि आता हुआलिएन ते सूआओ, म्हणजे सूहुआ महामार्ग. समुद्रातून उभे उठलेले कडे, अरुंद बोगदे, अवजड ट्रक. २०२० साली नवा सुधारित रस्ता पूर्ण झाला, पण त्याच्या बोगद्यांत सायकलला परवानगी नाही. आपल्या वाट्याला जुना रस्ता, आणि काही टप्प्यांत ट्रकही सोबतच. एप्रिल २०२४ च्या भूकंपात इथे दरडी कोसळल्या, पाऊस झाला की अजून कोसळतात. मी हा टप्पा रेल्वेनं केला. पुढचं चाक काढलं, सायकल पिशवीत घातली आणि गाडीत चढले. तिथले कितीतरी लोक हेच करतात. ‘मग फेरी पूर्ण कशी?’ असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. एकट्या माणसाला अंधाऱ्या बोगद्यात मागून येणाऱ्या ट्रकबद्दल सांगायला कोणी नसतं. सायकलची पिशवी घरूनच न्या, ऐनवेळी शोधत बसू नका.

सूआओला उतरलात की शेवटचा पट्टा. यीलानचं सपाट मैदान, मग किनाऱ्यानं फूलोंगकडे. तिथला जुना छाओलिंग बोगदा चुकवू नका. १९२४ चा रेल्वेचा बोगदा, २,१६७ मीटर लांब, २००८ पासून सायकलींसाठी खुला. आत गारवा, दिवे, आणि एकही मोटार नाही.

परतीचं विमान मात्र दुसऱ्याच दिवशीचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. सायकल खोलून खोक्यात भरायला अर्धा दिवस जातो, आणि वाटेत पावसानं अडवलं तर तेच दोन दिवस कामी येतात. खोकं तैपेईतल्या सायकलच्या दुकानात मिळतं, फक्त आधी फोन करून बाजूला ठेवायला सांगा.