बोटं हलतायत, मग फ्रॅक्चर नाही ना?

नमस्कार मंडळी. पाऊस लागला, अंगणात शेवाळं धरलं आणि माझा इनबॉक्स सुजलेल्या मनगटांच्या फोटोंनी भरला. खाली ठरलेलं वाक्य: "मॅडम, बोटं हलतायत, म्हणजे फ्रॅक्चर नाही ना?"

सूज, काळंनिळं, वाकडेपणा, पडताना आलेला 'कट' आवाज, हे तुम्हाला माहितीच आहे. जखमेतून हाड दिसत असेल तर व्हिडिओ बंद करा, 108 लावा.

आता बोटं. हे बघा, मी बोटं हलवतेय आणि इथे, कोपराच्या खाली, मांस हलतंय. दिसलं? बोटं वळवणारे मोठे स्नायू इथे बसतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे जातात. मनगट मोडलं तरी दोऱ्या सहसा शाबूत. मग बोटं हलतातच!

"पण मॅडम, आजी पडल्या, तरी चालतायत." हो, चालतात. खुब्याचं मोडलेलं हाड कधीकधी एकमेकांत रुतून बसतं. आमच्या शेजारच्या आजी न्हाणीघरात घसरल्यावर 'कंबर धरलीये' म्हणत भिंतीच्या आधाराने फिरत होत्या. एक्स-रेत खुबा मोडलेला.

घोट्यासाठी तर डॉक्टरांचा नियमच आहे, कॅनडातल्या ओटावाचा. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे. आणि टाकता आली तरी घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघायची. हाडावर दुखलं की एक्स-रे. म्हणजे चालता येतंय एवढ्यावर तेही सोडत नाहीत, आणि तुम्ही कमेंटमध्ये मला विचारता!

एका दादांनी लिहिलंय, "मालिश केली, मोकळं झालं." दादा, मोडलेल्या हाडावर मालिश म्हणजे टोकं सरकवणं. आंबेहळदीचा लेपही एक्स-रेनंतर.

आता अंगठा वर करा, 'छान' म्हणताना करतो तसा. त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, खळगा पडतो ना? हातावर पडलात आणि इथे एका बोटाने दाबून दुखतंय, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलेलं असू शकतं. पहिला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा, दुर्लक्ष केलं तर ते न जुळण्याची भीती. म्हणून डॉक्टर पट्टा बांधून 10 ते 14 दिवसांनी परत फोटो काढायला सांगतात. "पैसे उकळतात" म्हणून तो दुसरा फोटो टाळू नका.

आणि बांगड्या, अंगठ्या आत्ताच काढा. सूज चढली की कापाव्या लागतात.