पन्नास वाव

(दृश्य: निळसर काळं पाणी. श्वासाचा आवाज. वर जाणारे बुडबुडे.)

दक्षिण फ्रान्सचा किनारा. १९५०च्या दशकाची सुरुवात. पाण्याखाली रमलेल्या एका माणसाला श्वास जड लागायला लागतो. टाकीतली हवा संपत आलीय. खाली येऊन किती वेळ झाला, याचं त्याला भानच राहिलेलं नाही. घाईने वर जाण्यात वेगळा धोका असतो, पण आता इलाज नसतो. तो वर येतो आणि सुदैवाने वाचतो.

त्याचं नाव जाँ-जाक फिश्टर. वेळेचं भान सुटलेला हा गृहस्थ करायचा काय, तर स्वित्झर्लंडमधली ब्लाँपाँ ही घड्याळाची कंपनी चालवायचा.

(दृश्य: जुन्या घड्याळाची काळी तबकडी, अगदी जवळून.)

पाण्याखाली वेळ एवढी महाग का? दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो, आणि प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. वर तासभर पुरणारी टाकी तिथे पाव तासात रिकामी. शिवाय दाबामुळे शरीरात नायट्रोजन मुरत जातो. झपकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. फक्त इथे बाटली म्हणजे आपलं अंग.

फिश्टरने १९५३ साली जे घड्याळ आणलं, त्याचा जीव म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, बेझल. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा कड्यावर जिथे असेल, तितकी मिनिटं झाली. वजाबाकी नाही की काही नाही. आणि ती नसलेलीच बरी, कारण खोलवर नायट्रोजनची गुंगी चढते, आणि गुंगीतल्या माणसाला साधा हिशेबही धड जमत नाही.

पण हेच कडं खडकाला घासून नकळत फिरलं तर? पाच मिनिटांचा घोटाळा जिवावर बेतायचा. म्हणून फिश्टरने ते दाबल्याशिवाय फिरणारच नाही असं केलं. पुढे एकाच दिशेला फिरणारी कडी आली. धक्का बसून असं कडं सरकलंच, तर गेलेली वेळ जास्त दिसते, कमी कधीच नाही. म्हणजे चूक झाली तरी पाणबुड्या लवकर वर येतो.

घड्याळाचं नाव ठेवलं ‘फिफ्टी फॅदम्स’. कोकणातल्या कुठल्याही जुन्या खलाशाला हे लगेच कळेल, कारण फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात पसरले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्याने याच्या पलीकडे जाऊ नये, असं तेव्हा मानत.

(दृश्य: नौदलाचे पाणबुडे होडीच्या काठावरून पाण्यात.)

याच सुमारास फ्रेंच नौदलाचे दोन अधिकारी, मालुबिए आणि रिफो, पाण्याखाली लढणाऱ्या आपल्या जवानांसाठी घड्याळ शोधत होते. काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि फिरतं कडं, अशी त्यांची यादी. बाजारात तसं काही मिळेना. अखेर त्यांची फिश्टरशी गाठ पडली. रोलेक्सचं ‘सबमरीनर’ही याच काळातलं. पहिलं कोण, यावर शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. त्यात आपण पडू नये.

(दृश्य: घड्याळजीचं टेबल. चिमट्यात रबराची बारीक काळी रिंग.)

आता ही रिंग पाहा. वजन जवळजवळ नाहीच. घड्याळजी तिला सिलिकॉनचं ग्रीस लावतोय, अगदी नावापुरतं. मागचं झाकण पिळून बसवताना रिंग मुरगळली, तर बाकी सगळी कारागिरी फुकट. त्यासाठी फिश्टरने रिंगेवर धातूची चकती बसवली. झाकण फिरतं, पण रिंग आपल्या खाचेत गप्प बसते.

पाणी शिरण्याची दुसरी जागा म्हणजे चावी. ती रोज ओढायची, रोज फिरवायची, तेव्हा तिथली रबरं झिजणारच. त्यावर फिश्टरचा उपाय साधा होता. घड्याळ ऑटोमॅटिक करा, मनगटाच्या हालचालीवर चालू द्या, म्हणजे चावीला हात लावायची वेळच येणार नाही. शिवाय चावीलाही दुहेरी रिंग.

पिळून घट्ट बसणारी चावी रोलेक्सने १९२६च्या ‘ऑयस्टर’मध्ये आधीच आणली होती. १९२७ साली मर्सिडीझ ग्लाइट्झ ही ब्रिटिश जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. गारठ्यामुळे तिला मधूनच बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं, आणि कंपनीने त्याची जाहिरात पेपरच्या पहिल्या पानावर झळकवली.

राहिली काच. दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी, तीस मिलिमीटर व्यासाची काच घ्या. तीनशे मीटरवर तिच्यावर दोनशे किलोंहून जास्त भार येतो. गव्हाची दोन भरलेली पोती एवढ्याशा काचेवर ठेवल्यासारखं. म्हणून काच जाड हवी, आणि ती ज्या खोबणीत बसते ती त्याहून काटेकोर.

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या पाणयानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटरवर पोचले. यानाच्या बाहेर एक रोलेक्स बांधलं होतं, गोटीसारखी फुगीर काच असलेलं. दर चौरस सेंटिमीटरला एक टनाहून जास्त दाब सोसून ते चालू स्थितीत वर आलं. पराक्रम मोठाच. पण ते कुणाच्या मनगटावर बांधण्याजोगं नव्हतं, आणि तिथे कुणाला वेळ विसरायची भीतीही नव्हती. माझ्या लेखी फिश्टरचं फिरतं कडं यापेक्षा मोठं.

(दृश्य: पोलादी दाबकक्ष. गोल खिडकीतून दिसणारे पाणबुडे.)

१९६०च्या दशकात भलताच प्रश्न उभा राहिला. खोल समुद्रात काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस दाबकक्षात, म्हणजे खोल पाण्याइतकाच दाब ठेवलेल्या बंद खोलीत, राहायला लागले, हेलियम मिसळलेल्या हवेत. हेलियमचे अणू इतके बारीक, की पाण्याला अडवणाऱ्या रबरातून ते हळूहळू आत झिरपतात. मग कक्षातला दाब उतरवायला घेतला, की आत कोंडलेल्या हेलियमला तितक्या लवकर वाट मिळत नाही, आणि फट्‌! काच उडून बाजूला.

म्हणजे पाण्यापासून जपलेलं घड्याळ कोरड्या खोलीत फुटत होतं.

रोलेक्सने १९६७ साली यासाठी एकमार्गी झडप काढली. आतला दाब वाढला की ती आपोआप उघडते. डोक्सा ही दुसरी स्विस घड्याळ कंपनीही तेव्हा याच खटपटीत होती. ओमेगाने उलटा विचार केला. १९७० च्या ‘प्लोप्रोफ’ची पेटी पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरली, मागे झाकणच नाही, म्हणजे हेलियम शिरायलाच नको. घड्याळ दिसायला ओबडधोबड, पण विचार चोख.

(दृश्य: जुन्या मुंबईतलं घड्याळाचं दुकान.)

आपल्याकडे ओळखीचं स्विस नाव म्हणजे फावर-ल्यूबा. ही कंपनी १८६५ साली मुंबईत आली. तिचं ‘सी चीफ’ कित्येक घरांत होतं. आमचे आजोबा मात्र हात धुवायच्या आधी ते काढून खिशात टाकायचे. याच कंपनीने १९६८ साली ‘बाथी’ काढलं, आणि त्यात पाण्याला चक्क मागच्या दाराने बोलावलं. मागच्या भागात शिरलेलं पाणी धातूचा पातळ पडदा दाबतं, पडदा काटा हलवतो, आणि तबकडीवर खोली दिसते. वाव मोजणारं मनगटी घड्याळ!

(दृश्य: आजचा डायव्हर. एका हातात डाइव्ह कॉम्प्युटर, दुसऱ्या हातात घड्याळ.)

१९८०च्या दशकात डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि किती खोल, किती वेळ, वर कधी यायचं, या हिशेबाचं काम त्यांनी उचललं. क्वार्ट्झच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांच्या, लाटेने त्याआधीच अर्ध्याहून जास्त स्विस कारागिरांच्या नोकऱ्या घेतल्या होत्या. तरी बॅटरी दगा देऊ शकते म्हणून काही पाणबुडे दुसऱ्या मनगटावर घड्याळ बांधतात, आणि उडी मारण्याआधी कडं फिरवतात.

(दृश्य: प्रयोगशाळा. तापलेल्या पट्टीवर घड्याळ.)

अशा घड्याळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक १९८२ साली आलं. छापलेल्या खोलीच्या सव्वापट दाब द्यायचा. पण मला आवडते ती त्यातली दुसरी चाचणी. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवतात. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाकतात आणि एक मिनिट थांबतात.

थेंब पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला अंधूकसं धुकं दिसलं, तर ते घड्याळ बाद.