शरयूवर तो निघाला असेल

पहाटेचे साडेपाच. रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या, पाण्यावर वाफ. एक आजोबा बोटानं पाणी चाचपतात, बोट झटकन मागे घेतात, आणि मग "गंगे!" म्हणत उतरतातच. गोदावरी म्हणजे नाशिककरांची गंगाच.

वाल्मीकींच्या अरण्यकांडातही इथं, पंचवटीत, हेमंतातली अशीच एक पहाट आहे. राम, सीता गोदेवर निघालेत, मागे कलश घेऊन लक्ष्मण. तो थंडीचं वर्णन करतोय: तहानलेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो आणि आखडून घेतो. आणि बोलता बोलता लक्ष्मण अयोध्येत पोचतो. या वेळी भरतही शरयूवर स्नानाला निघाला असेल. मूळ शब्द आहे 'नूनम्', म्हणजे नक्कीच. पण बघितलंय कुणी? घरापासून तुटलेल्या माणसाचं 'नक्की' म्हणजे आपलं मराठी 'असेल'.

परागंदा लेखकाची कारागिरी मला या 'असेल'मध्येच दिसते. पाय एका नदीत, डोळे दुसरीवर.

आयरिश कादंबरीकार जेम्स जॉईसनं १९०४ साली डब्लिन सोडलं. स्वखुशीनं, त्याला कुणी हाकललं नव्हतं. 'युलिसिस' त्यानं ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिसमध्ये लिहिली. कादंबरीत मात्र गाव एकच, डब्लिन, आणि दिवस १६ जून १९०४. १९२१च्या नोव्हेंबरात, पुस्तक छपाईच्या तोंडावर असताना, तो डब्लिनच्या मामीला पत्रातून विचारतो: सात नंबर, एकल्स स्ट्रीट (कादंबरीतल्या नायकाचं घर), तिथल्या कठड्याला लोंबकळून साधारण माणूस इजा न होता खाली उडी टाकू शकेल का? त्याला नुसतं 'असेल' पुरेना. गावातच राहणारा लेखक चक्कर मारून बघून आला असता. किंवा, जास्त शक्यता, त्याला तो कठडा दिसलाच नसता.

चेक कादंबरीकार मिलान कुंदेराचं वेगळं. १९७५ला तो फ्रान्सला गेला, १९७९ला चेकोस्लोव्हाकियानं त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. आता वाचकच परका. त्याचा निवेदक गोष्ट मध्येच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ उलगडत बसतो. कधीकधी शिकवणीला बसल्यासारखं वाटतं, पण प्राग न पाहिलेल्याला सांगायचं तर दुसरं काय करणार?

इकडे गोदेवर लक्ष्मण भरतावरून कैकेयीवर घसरलाय. राम त्याला अडवतो: मधल्या आईला बोल लावू नकोस, तू भरताचीच कथा सांग.

अंघोळ उरकून तिघं पर्णकुटीत परततात. राम गोष्टींत रंगून गेलाय. तेवढ्यात सहज फिरत शूर्पणखा तिथं येते. जिच्या नाकावरून या गावाचं नाव पडलं म्हणतात, ती.