१२०२: ईगलचा संगणक बंद पडला नव्हता

पत्रिकेवर आजचा विषय 'चंद्राचा रस्ता कसा ठरला' असा छापला आहे. त्या रस्त्यावर येऊच. पण आधी एक गैरसमज खोडून काढायलाच हवा, कारण अपोलो ११च्या चंद्रावर उतरलेल्या यानाबद्दल, म्हणजे ईगलबद्दल, तो दर जुलैत नव्याने कानावर येतो. "२० जुलै १९६९ला ऐन उतरताना संगणक बंद पडला आणि आर्मस्ट्राँगनी यान हातानं उतरवलं." यातला पहिला भाग चूक आहे आणि दुसरा अर्धवट.

तो संगणक कसा होता ते आधी पाहू. कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची (शब्द म्हणजे इथे स्मृतीतली एक नोंद), खोडून पुन्हा लिहिता येईल अशी २,०४८ शब्दांची. कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती: तार चुंबकी कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमच्या कारखान्यात बायकांनी ती सुईनं ओवली. एकदा विणली की आज्ञावली बदलायची सोय नाही. (तुमच्या खिशातल्या फोनशी तुलना नको, ती करून सगळे हसतात आणि मुद्दा निसटतो.)

मुद्दा कामाच्या वाटपाचा आहे. प्रत्येक काम सुरू करताना संगणक त्याला स्मृतीतला एक छोटा कप्पा देई, काम संपलं की कप्पा मोकळा. उतरण्याचं मोठं गणित दर दोन सेकंदांनी नव्यानं सुरू होई. आधीचं संपायच्या आत पुढचं दारात आलं, तर कप्पे भरत जातात. शेवटचाही भरला की संगणक १२०२ या क्रमांकाचा अलार्म देई.

हे झालं सुमारे दहा किलोमीटर उंचीवर. आर्मस्ट्राँगसोबत यानात असलेल्या आल्ड्रिननी उंचीच्या आकड्यांची पडताळणी करायला क्रियापद १६, नाम ६८ (काय करायचं आणि कशाचं, हे सांगणारे आज्ञेचे दोन आकडे) दाबलं होतं. त्या आकड्यांच्या जागी अलार्म आला. त्या क्षणी संगणकानं काय केलं? सगळी कामं सोडून दिली, आणि जी टिकलीच पाहिजेत, म्हणजे दिशा, वेग, इंजिनाचा जोर, ती शेवटच्या नोंदवलेल्या टप्प्यापासून पुन्हा उचलली. आल्ड्रिनचे आकडे परत आले नाहीत, कारण ते कमी महत्त्वाचे. ही आज्ञावली लिहिणाऱ्या एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी हे असंच ठरवून बांधलं होतं. गुदमरल्यावर काय टाकून द्यायचं हे ज्याला आधीच सांगून ठेवलंय, त्याला बंद पडलेला म्हणायचं?

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात यानाच्या मार्गदर्शनावर लक्ष ठेवणारे स्टीव्ह बेल्स, वय २६. त्यांच्या मागच्या खोलीत जॅक गार्मन, वय २४. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच एका अलार्मवर मोहीम उगाच सोडून दिली गेली होती, म्हणून गार्मननी प्रत्येक अलार्मची हातानं लिहिलेली यादी टेबलावरच्या काचेखाली ठेवली होती. फार वारंवार येत नसेल तर पुढे चला, असा १२०२चा अर्थ. उतरताना १२०२ चारदा आणि त्याच जातीचा १२०१ एकदा वाजला, आणि तरी निर्णय तोच राहिला: पुढे चला.

आता हा जास्तीचा भार कुठून आला? भेटीच्या रडारकडून. तिसरे अंतराळवीर मायकेल कॉलिन्स वर चंद्राच्या कक्षेत कोलंबिया या मुख्य यानात फिरत होते. उतरणं अर्धवट सोडावं लागलं तर त्यांना शोधायला ते रडार तयार ठेवलं होतं. त्याचा स्विच ज्या जागी होता, तिथे अँटेनाच्या कोनांसाठीचा ८०० हर्ट्झचा प्रवाह एका ठिकाणाहून येई आणि संगणकाचा दुसऱ्या. दोन्ही विभागांच्या करारपत्रात वारंवारता सारखी हवी एवढंच लिहिलं होतं. लाटा एकदमच उठाव्यात, हे राहून गेलं. मग कोन मोजणारा गणक स्थिरच होईना, वर-खाली थरथरत राहिला. दोन कोनांचे मिळून सेकंदाला १२,८०० पर्यंत ठोके, प्रत्येक ठोक्याला संगणकाचे ११.७ मायक्रोसेकंद. गुणाकार करा: सेकंदातला जवळजवळ सातवा हिस्सा एका न फिरणाऱ्या अँटेनासाठी गेला.

आणि 'हातानं' म्हणजे काय, तेही पाहा. खडकाळ विवर ओलांडताना आर्मस्ट्राँग दांड्यानं यान कलवत होते, पण दांडा सांगे संगणकाला आणि संगणक उडवी झोतनळ्या. खाली येण्याचा वेग बदलायचा छोटा स्विच होता, एका टिचकीला सेकंदाला एक फूट. इंजिनाचा जोर अखेरपर्यंत संगणकाच्याच ताब्यात. डोळे आणि निर्णय आर्मस्ट्राँगचे, हात दोघांचे!

चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटं उरली. तर रस्ता. पर्याय तीन होते. पहिला, प्रचंड अग्निबाणानं अख्खं यान थेट चंद्रावर नेऊन तेच परत आणायचं. दुसरा, पृथ्वीभोवती दोन उड्डाणांत जुळवणी करायची. पण उतरायचं जड यानच. तिसरा नासाच्या लँग्ली केंद्रातले अभियंते जॉन हूबोल्ट यांनी लावून धरलेला: उष्णतेची ढाल, छत्र्या, परतीचं इंधन चंद्राच्या कक्षेत ठेवा आणि हलकं यान तेवढं खाली पाठवा. १९६१च्या नोव्हेंबरात त्यांनी साहेबांची उतरंड ओलांडून थेट नासातले बडे अधिकारी रॉबर्ट सीमन्स यांना पत्र लिहिलं. ७ जून १९६२ला नासाच्या अग्निबाणांचे प्रमुख फॉन ब्राउन यांनी तिसऱ्याला पाठिंबा दिला, ११ जुलैला नासानं तो जाहीर केला. म्हणून सॅटर्न पाच या एकाच अग्निबाणात भागलं. ईगल सुमारे पंधरा टनांचं, आणि त्यातला परत उडणारा वरचा भाग पाच टनांहूनही कमी.

किंमत एकच: घरापासून पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवर दोन यानांची भेट चुकता कामा नये. मे १९६९मध्ये अपोलो १०नं चंद्रापासून साधारण पंधरा किलोमीटरवर उतरून तीच तालीम केली. ईगलवर भेटीचं रडार असायचं कारण हेच, आणि आल्ड्रिनना ते आधीपासून तयार हवं होतं तेही यासाठीच.

२१ जुलैला ईगल वर निघण्याआधी ह्यूस्टननं निरोप दिला: चढताना भेटीचं रडार बंद ठेवा. कक्षेत पोचल्यावर त्यांनी ते चालू केलं, आणि त्याला कोलंबिया सापडलं.