निम्म्या चढावर सुरू होणारं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. रात्री बिजासनच्या बाजूला उतरणारं विमान आपण इंदूरकर नेहमी पाहतो. वैमानिकासमोर तेव्हा अंतराचा आकडा सरकत असतो. डीएमई नावाचं यंत्र तो आकडा वेळेवरून काढतं. विमानातून रेडिओ पल्सची, म्हणजे रेडिओलहरींच्या क्षणिक झटक्यांची, एक जोडी निघते. जमिनीवरचं केंद्र ती ओळखून बरोबर 50 मायक्रोसेकंदांनी उत्तर देतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग! ते 50 वजा केले की उरलेल्या दर 12.36 मायक्रोसेकंदांमागे एक सागरी मैल. विमान 20 सागरी मैलांवर असेल तर उत्तर यायला साधारण 297 मायक्रोसेकंद लागतात.

खरी मेख पुढे आहे. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, ही पल्स मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा भिंतीसारखी उभी कड दिसेल असं वाटलं होतं. दिसली गोलसर टेकडी. चढायलाच तिला दोन-अडीच मायक्रोसेकंद लागतात. मग घड्याळ सुरू कुठे करायचं? ठरावीक व्होल्टला केलं, तर जोरकस पल्स ती पातळी आधी गाठते, क्षीण पल्स उशिरा. इथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे दीडशे मीटर. म्हणून प्रत्येक पल्सच्या स्वतःच्या उंचीच्या निम्म्यावर वेळ धरतात. पण उंची कळते माथा आल्यावर, आणि तोवर निम्मा चढ मागे पडलेला असतो! यावरची युक्ती मला फार आवडते. पल्सची एक प्रत जरा उशिराने सोडायची. तोवर मूळ पल्सचा माथा हाती येतो. त्याच्या निम्म्याशी ही मागून येणारी प्रत ताडायची. मुद्दाम केलेला उशीर किती ते ठाऊकच असतं, तो वजा करायचा.

घड्याळ कुठे सुरू करायचं ते ठरलं, आता मोजणी. प्रयोगशाळेतल्या काउंटरमध्ये, म्हणजे दोन पल्समधला वेळ मोजणाऱ्या यंत्रात, ठरावीक ठेक्यानं टिकटिकणारं क्वार्ट्झ असतं. 10 मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला एक कोटी टिका देणारं असेल तर दोन टिकांमध्ये 100 नॅनोसेकंद, म्हणजे मायक्रोसेकंदाचा दहावा भाग. पल्स नेमकी मध्येच आली तर? आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र सोडत, ते आठवा. पाणी ठरलेल्या गतीनं आत शिरतं, म्हणून पात्र किती भरलं यावरून वेळ कळते. इथे पात्राच्या जागी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग. पल्स आल्यापासून पुढच्या टिकेपर्यंत त्यात एकसारखा विद्युतप्रवाह सोडतात आणि किती व्होल्ट चढले ते पाहतात. शेवटच्या पल्सलाही तेच. मधल्या पूर्ण टिका मोजायच्या, सुरुवातीचा तुकडा मिळवायचा, शेवटचा वजा करायचा. उष्णतेनं कपॅसिटर थोडा बदलतो. म्हणून अधूनमधून क्वार्ट्झची एक पूर्ण टिक त्यात भरून त्याचं माप पुन्हा लावून घेतात.